केरबा आबांचा लंबर

आमचे घरमालक केरबा आबा दिवसातला बराच वेळ विजेच्या मीटरखाली बसून काढत. खालच्या बोळात, जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची, डोक्यावर मीटर आणि बटणांची पेटी, मांडीवर पानाची चंची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, म्हातारा वाऱ्याला बसलाय. त्या बोळात वारा कधीच येत नव्हता. आबा तिथं ड्यूटीवर असत. वरच्या मजल्यावर मी इस्त्री हातात घेतली रे घेतली की खालून आवाज येई, "पावणं, कुनाचा लंबर चाललाय बघून लावा." इस्त्रीचा आवाज नाही की वास नाही, मग यांना कळतं कसं, हे मला कधीच उलगडलं नाही. माझ्या बायकोचं म्हणणं असं की त्यांना काहीही कळत नव्हतं. ते मधूनमधून अंदाजानं ओरडत आणि कोणी ना कोणी सापडत असे.

पावणं म्हणजे मी. या घरात भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझे केस काळे होते. ते पांढरे झाले तरी आबांच्या लेखी मी पावणाच राहिलो. कोल्हापुरात अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात आणि त्यात जिव्हाळा असतो. आबांच्या तोंडी त्या शब्दात घर कोणाचं आहे याची आठवण असायची.

आबा मूळचे गडमुडशिंगीकडचे. नोकरीची सगळी वर्षं नदीकाठच्या एका पाणीपुरवठा संस्थेत पाटकरी म्हणून काढलेली. मोटरीनं नदीचं पाणी उचलायचं, पाटानं उसाच्या रानात सोडायचं, आणि कोणाच्या रानाला कधी व किती वेळ सोडायचं ते, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचे लंबर, सांभाळायचे, हे पाटकऱ्याचं काम. संस्थेला चेअरमन होते, संचालक होते, पण पाण्याची चावी आबांच्या हातात होती, आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी. गावातले मोठेमोठे बागायतदार आबांना वाकून रामराम घालत आणि तो घेताना आबा आभाळाकडं बघत. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगतानाही ते छताकडं बघत होते.

संस्थेचा एक नियम होता. पाणी पाटाच्या शेपटाकडून सुरू करायचं. म्हणजे टोकाच्या रानाला आधी आणि तोंडाजवळच्याला शेवटी, कारण तोंडाजवळच्याला ते कसंही मिळतंच, शेपटाचा ऊस मात्र बघता बघता वाळून जातो. "नियम लई चांगला हुता," आबा म्हणत. तुम्ही तो पाळत होता का, असं विचारलं की ते पान लावायला घेत. त्यांची थोरली बहीण आक्का हिचं रान तोंडाजवळ होतं आणि त्या रानातला ऊस गावात सगळ्यांत उंच असायचा, एवढं मात्र त्यांच्याच बोलण्यातून मला कळलं होतं.

निवृत्तीनंतर चावी गेली आणि तिच्याबरोबर रामरामही गेले. आबा कोल्हापुरातल्या या घरी मुलाकडं येऊन राहिले आणि सुकत चालले. मुलगा विक्रम शिरोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. साधा, सरळ आणि कोणत्याही प्रश्नाला 'बघू' असं उत्तर देणारा. बाप ओरडला तरी बघू, बायको रडली तरी बघू. त्या घरात सत्ता मोकळी पडली होती, पण कशावर गाजवायची हेच आबांना सापडत नव्हतं.

ते स्नेहलनं आणून दिलं. स्नेहल म्हणजे विक्रमची बायको, आजऱ्याची. लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होती आणि त्या पगारातून तिनं गेम खेळण्याचा एक दांडगा कॉम्प्युटर घेतला होता. सासरी येताना तो बरोबर आणला. काळी पेटी, एका अंगाला काच, आत फिरणारे पंखे आणि रंग बदलणारे दिवे. आबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, काचेला नाक लावलं आणि सुनेला पहिला प्रश्न केला, "मासं कुठं हायती?" मासे नसतात, यावर खेळ खेळतात, आणि आपण खेळतो ते लोक आपापल्या घरी बसून बघतात, असं स्नेहलनं समजावून सांगितलं. "इकून टाका ह्ये," आबा विक्रमला म्हणाले. विक्रम बघू म्हणाला.

आली त्याच आठवड्यात त्या पेटीनं घर बंद पाडलं. सकाळची वेळ, न्हाणीघरात गीझर चालू, टाकीत पाणी चढवणारी मोटर चालू, माझी इस्त्री चालू, आणि स्नेहलनं कॉम्प्युटर सुरू केला. बोळातल्या बटणांच्या पेटीतलं मेनचं बटण खटकन खाली पडलं. विक्रमनं वर केलं, पुन्हा पडलं. या घराला मंजूर झालेला वीजभार आबांनी घर बांधलं त्या वेळचा होता, म्हणजे चार बल्ब, दोन पंखे आणि एक देव्हारा एवढ्यांचा. वर आणि खाली मिळून मेन एकच. आबा बोळात आले, काय काय चालू आहे ते एकेकाला विचारून घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली टवटवी आली. त्यांना पुन्हा नदी मिळाली होती आणि ती सगळ्यांना पुरणारी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून घरात लंबर सुरू झाले. गीझर चालू असताना मोटर नाही. मोटर चालू असताना इस्त्री नाही. कॉम्प्युटर चालू असताना यातलं काहीच नाही, आणि म्हणून कॉम्प्युटर सगळ्यांत शेवटी. पंपघरावर एकाचं पाणी चालू असताना दुसऱ्यानं चावीला हात लावू नये म्हणून आबा तिला तांबडं फडकं बांधत. तेच फडकं आता जिन्याच्या कठड्याला आलं. फडकं दिसलं की मी दाढी थंड पाण्यानं करायची. लिहून काही ठेवलेलं नव्हतं. सगळं आबांच्या तोंडी आणि तोंड बघून. माझ्या बायकोनं रविवारी पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली पाठवली की सोमवारी आमचा गीझर आधी लागायचा. हा भ्रष्टाचार होता हे मला कळत होतं. पण थंडीत तत्त्वं जरा आखडतात.

स्नेहल शिकलेली मुलगी. तिनं कोण किती वीज ओढतं ते दाखवणारं एक छोटं यंत्र आणलं आणि आबांना पटवायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटरपेक्षा इस्त्री जास्त खाते आणि गीझर तर तिपटीनं खातो, हे आकडे तिनं त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. आबांनी आकडे पाहिले, मग कॉम्प्युटरच्या पंख्यांची घरघर ऐकली, मग भिंतीवर मुकाट बसलेल्या पांढऱ्या गीझरकडं पाहिलं. "आवाज करतंय म्हंजे खातंय," ते म्हणाले. "ह्यो गरीब बिचारा एका जागी गप बसलाय." पुढं या विषयावर चर्चा झाली नाही. बिचारीनं आपल्या बाजूनं होईल ते केलं. रंगीत दिवे काढून टाकले, चित्रांची चकाकी कमी केली, यंत्र कमी वीज ओढेल अशा रीतीनं खेळाला लगाम घातला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालवून पाहिला, तर इन्व्हर्टरच ओरडून बंद पडला.

खरा उपाय सोपा होता. वीज ऑफिसात अर्ज करून भार वाढवून घ्यायचा आणि जुन्या तारा बदलायच्या. मी हे एकदा बोललो. आबा माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "पावणं, हाय त्यात भागवायला अक्कल लागती. वाढवून मागायला काय लागतंय?" वाक्य ऐकायला छान होतं. त्याचा खरा अर्थ असा की सगळ्यांना पुरेल एवढी वीज आली तर खुर्चीखाली नुसती फरशी उरेल.

मग ती निवड आली. परगावच्या एका मोठ्या खेळाडू-संघात स्नेहलला घेण्याआधी ते तिची परीक्षा घेणार होते. एका रविवारी सकाळी, संघातल्या बाकीच्यांबरोबर, आपापल्या घरून. पास झाली तर नोकरी, महिन्याच्या पगाराची, घरबसल्या. नापास झाली तर काय, तेही घरात ठरलं होतं. विक्रम जन्मात पहिल्यांदा बघू सोडून दुसरं काही बोलला होता. जमलं नाही तर कॉम्प्युटर विकायचा, स्नेहलनं त्याच्या मित्राच्या ऑफिसात हिशेबाला बसायचं आणि खेळाचं नाव काढायचं नाही. ती कबूल झाली होती. मला हे तिनंच जिन्यात सांगितलं, आणि सांगताना तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

आबांना यातलं संघ वगैरे समजलं नाही, पण पुष्कळ लोक बघणार आहेत हे समजलं. त्यांनी गल्लीत सांगून टाकलं की रविवारी आमच्या सुनेची कुस्ती आहे. समोरचा किती किलोचा, असं त्यांनी तिला विचारलंही. रविवारी ते पहाटेच आंघोळ उरकून, पटका बांधून खुर्चीवर बसले. फ्रीज बंद, मोटर बंद, गीझर बंद. आमच्या घरातला पंखासुद्धा बंद. तांबडं फडकं कठड्याला. "आज शेपटाचा लंबर पैला," त्यांनी जाहीर केलं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला होता. तो फार टिकला नाही.

खेळ सुरू झाला. मी स्नेहलच्या खोलीच्या दारात उभा राहून बघत होतो. पडद्यावर कोण कोणाला मारतंय ते मला कळत नव्हतं, पण तिची बोटं आणि तिचा चेहरा यावरून बरं चाललंय एवढं कळत होतं. मधेच बाहेरून आक्काचा आवाज आला. आक्का वडापच्या जीपमधून गडमुडशिंगीहून आली होती आणि पुढं जोतिबाला जाणार होती. रविवार म्हणजे जोतिबाचा वार, आंघोळ केल्याशिवाय कसं जायचं, आणि गुडघे धरलेले, थंड पाणी कसं चालायचं. मग आबांचं खालच्या आवाजातलं बोलणं. मी लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं पडदा काळा झाला. पंखे थांबले. स्नेहल एकदम उठली आणि बोळात धावली. आबा बटणांच्या पेटीसमोर उभे होते आणि तिच्या काचेतून मेनचं बटण दाखवत होते. बटण वर होतं. "बटन वरच हाय. मागनं लाइट गेली," ते म्हणाले, आणि वीज ऑफिसच्या नावानं त्यांनी जे तोंड सोडलं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. आमच्याकडं रविवारीच कशी लाइट जाते, बिलं घ्यायला बरे येतात, असं सगळं. स्नेहलनं वीज ऑफिसला फोन लावला. फोन लागेना. ती बोळात उभी राहून पुन्हा पुन्हा लावत राहिली. तेवढ्यात शेजारच्या घरात मिक्सर घरघरला.

शेजारी वीज होती. स्नेहलनं फोन खाली घेतला, आबांना हातानं बाजूला केलं आणि पेटीचं झाकण उघडलं. मी तिच्या खांद्यामागं होतो, त्यामुळं मी पाहिलं. मेनच्या दांडीखाली कपड्याच्या चिमट्याची एक फळी ठोकून बसवलेली होती, दांडी खाली पडू नये म्हणून. पंपघरावर मोटर सारखी पडायला लागली की स्टार्टरात लाकडाची पाचर मारून ती चालू ठेवायची, ही शेतातली जुनी युक्ती. या नव्या बटणांना ती लागू पडत नाही. दांडी बाहेरून धरून ठेवली तरी ती आतल्या आत सुटतात. वरून बटण चालू दिसतं आणि घरात वीज नसते.

स्नेहलनं पाचर काढली, दांडी पूर्ण खाली ओढून पुन्हा वर केली. घर सुरू झालं. खोलीत परत गेली तोवर तिच्या संघाचा खेळ संपला होता, तिच्याशिवाय. त्याच वेळी न्हाणीघराचं दार उघडलं. वाफेत न्हालेली आक्का कपाळाला कुंकू लावत बाहेर आली आणि म्हणाली, "केरबा, पानी झ्याक तापलंतं बघ."

आबा आणखी थोडा वेळ वीज ऑफिसला शिव्या देत राहिले, पण आता आवाज उतरला होता. चोराच्या उलट्या बोंबा, तसं ते चाललं होतं. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी मुद्दाम इस्त्री, गीझर सगळं एकदम लावणार होतो. स्नेहलनं ती चिमट्याची फळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि स्वयंपाकाला लागली. संध्याकाळी कारखान्यातून आलेल्या विक्रमला तिनं सांगितलं, लाइट गेली म्हणून हुकलं. तेवढंच.

कॉम्प्युटर घ्यायला राजारामपुरीतून एक गिऱ्हाईक आलं. विक्रमनंच आणलं होतं. स्नेहलनं वायरी गुंडाळून ठेवल्या होत्या, पडदा पुसून ठेवला होता. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि बाहेर येत नव्हती. आबा खुर्चीवरून उठले आणि दारात उभे राहिले. गिऱ्हाइकाला आत यायला वाट ठेवली नाही.

"पाटावर एखाद्याचा लंबर हुकला," ते म्हणाले, "तर त्येला फुडचा लंबर द्यावा लागतोय. लंबर हुकला म्हनून कोन रान इकत न्हाय."

विक्रम म्हणाला, "आबा, पहिल्या दिवसापासून तुम्हीच विका विका म्हणत होता."

"म्हनत हुतो," आबा म्हणाले. "आता म्हनत न्हाय."

माफी म्हणतात ती एवढीच. माझ्या हिशेबात ती फारच अपुरी होती. स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज मात्र थांबला होता.

दुसऱ्या दिवशी आबा पटका बांधून माझ्या दारात आले आणि वीज ऑफिसात बरोबर चला म्हणाले. भार वाढवून मागायचा आहे, तुम्हाला साहेबाशी बोलायला जमतं. ऑफिसात खिडकीतल्या कारकुनानं आम्हाला बाकावर बसवलं आणि आमच्या मागून आलेल्या दोन ओळखीच्या माणसांना आत घेतलं. मी उठायला लागलो. आबांनी माझा हात धरून खाली बसवलं. ते त्या कारकुनाकडं टक लावून बघत होते, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा त्यात कौतुक होतं. एका कारागिरानं दुसऱ्याचा हात बघावा तसं. "हुशार हाय," ते पुटपुटले, "वळखीचं आदी सोडतंय." आणखी एक ओळखीचा आत गेला. मग आणखी एक. कौतुक हळूहळू मावळलं. दुपारपर्यंत आम्ही तसेच बसून होतो आणि आबांनी एकदाही पान लावलं नाही.

भार वाढला. जाड तारा आल्या, नवी पेटी आली, कॉम्प्युटरला वेगळी लाइन आली. वायरमननं खात्री करायला गीझर, मोटर, माझी इस्त्री, कॉम्प्युटर, सगळं एकदम लावून दाखवलं. काही पडलं नाही. आबा खुर्चीवरून ती नवी पेटी बघत राहिले. कुठून खटक आवाज येतो का, याची ते वाट बघत होते असं मला वाटलं. आला नाही. पुढं स्नेहलला संघानं पुन्हा संधी दिली आणि ती पास झाली. मला हे आदीच म्हाईत हुतं, असं आबांनी गल्लीत सांगितलं.

पण मग म्हातारा उठेनासा झाला. ज्याच्याकडं कोणाला काही मागायचं उरलं नाही तो उठून करणार काय. दिवस वर येई तरी ते अंथरुणात भिंतीकडं तोंड करून पडलेले. आणि एक दिवस मी खाली उतरत होतो तर स्नेहल त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून विचारत होती, "आबा, कॉम्प्युटर लावू का?" आतून खाकरण्याचा आवाज, मग, "मोटर चालू हाय न्हवं? थांब वाईच." आणि ती थांबली. वेगळी लाइन, वेगळं बटण, नोकरीची वेळ झालेली, आणि ही बया दारात उभी. आबा उठले, धोतर सावरलं, बोळात येऊन खुर्चीवर बसले, पेटीकडं पाहिलं आणि म्हणाले, "आता लाव."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हे रोज व्हायला लागलं. मी तिला एकदा फैलावर घेतलं. ज्या माणसानं तुझा लंबर आक्काच्या दोन बादल्यांना दिला, त्याच्यापुढं आता कशाला उभी राहतेस, असं स्पष्ट विचारलं. तिला पाचरीचं सगळं ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. ती म्हणाली, "विचारलं नाही तर ते उठत नाहीत हो काका." मी चिडून वर निघून गेलो.

त्या हिवाळ्यात आबांना ताप धरला. अंगात कणकण, पाय बर्फासारखे, आणि आंघोळ हवी हा हट्ट. मी खाली बघायला गेलो होतो. स्नेहल म्हणाली, "तुमच्यासाठी गीझर लावते, आबा." त्यांनी मान हलवली. नको. मग म्हणाले, "तुजी येळ झाली. आदी तुजं लाव. माजं शेपटाला."

दोन्ही एकाच वेळी चाललं असतं. त्यांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. फुकटचं औदार्य, मी मनात म्हटलं. देण्यासारखं होतं त्या रविवारी दिलं नाही, आणि आता कोणाचं काही कमी होत नाही तेव्हा राजाचा थाट. हसणार होतो. पण स्नेहलचे डोळे भरले होते. तिनं कॉम्प्युटर लावला आणि ती कामाला बसली. तिचं काम चालू असेपर्यंत तिनं गीझरच्या बटणाला हात लावला नाही.

काम संपवून ती त्यांना आंघोळीला उठवायला गेली तेव्हा आबा गेलेले होते. गीझर मग लागला तो त्यांना शेवटची आंघोळ घालायला. कोणी कोणाला विचारलं नाही.